तानाबाई सायकल बाजूला घेत नाही

तानाबाई थूलचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. चारला नळ यायचा आणि पाऊणच तास राहायचा, म्हणून त्याच्या आधी उठणं भाग होतं. पाणी भरायचं, भाकरी थापायच्या, डबा बांधायचा, आणि सहाला सायकल अंगणात काढायची. पुढची दहा मिनिटं सायकलची. अंगठ्याने दोन्ही टायर दाबून हवा पाहायची. चेनला दोन थेंब तेल द्यायचं, जास्त पडलं तर चिंधीने पुसायचं, कारण जास्त तेलाला धूळ धरते. ब्रेक एकेकदा दाबायचे. ती कामाला जायची ते कापसाचं जिनिंग बोरखेडीहून नऊ किलोमीटर, आणि सायकल दुरुस्त करणारा माणूसही नऊ किलोमीटरवरच. वाटेत काही मोडलं तर अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. म्हणून तिने वाटेत काही मोडूच दिलं नाही.

सायकल मोनालीची. मोनाली म्हणजे तिची मुलगी. आठवीत असताना तिला ती शाळेतून मिळाली होती. मुलगी लग्न होऊन कारंज्याला गेली, सायकल घरी राहिली. त्या वेळी तानाबाई चव्वेचाळीस वर्षांची होती. शाळेच्या मैदानावर आठ दिवस पडत-धडपडत शिकली. गाव हसलं. नवव्या दिवशी ती जिनिंगला सायकलने गेली आणि त्यानंतर तिने ऑटोवाल्याचं तोंड पाहिलं नाही. याला दहा वर्षं झाली.

जिनिंगमध्ये तिचं काम कवडी वेचायचं. ढिगातला किडका, डागी कापूस हाताने वेगळा करायचा. दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम. साडेसातची पाळी. ती सातलाच फाटकावर हजर असायची.

गावापासून मोठ्या रस्त्यापर्यंतचे तीन किलोमीटर दोन वर्षांपूर्वी सिमेंटचे झाले. रस्ता चांगला झाला, पण अरुंद. कंत्राटदाराने दोन्ही बाजूंच्या साइडपट्ट्यांवर मुरूम टाकलाच नाही. त्यामुळे सिमेंटची कड जमिनीपासून वीतभर उंच राहिली. पायी चालणारा उतरेल. सायकलवाला उतरला तर पडेल.

याच रस्त्याने देवेंद्रची दुधाची पिकअप जायची. देवेंद्र गावचाच, तिशीतला. गावातलं दूध गोळा करून सातच्या आत डेअरीत पोचवायचा. हॉर्न वाजवून तो थांबत नसे. समोरच्याने आपणहून बाजूला व्हायचं, असा त्याचा नियम. म्हातारे, शेळ्या, शाळेची पोरं सगळी व्हायची. तानाबाईही व्हायची. हॉर्न ऐकला की उतरायची, सायकल कडेखाली घ्यायची, गाडी गेली की परत वर चढवायची. रोज एकदा. दोन वर्षांत तिने त्याची तक्रार केली नव्हती.

डिसेंबरात एका सकाळी नाल्याच्या पुलाजवळ हॉर्न वाजला आणि तिला उतरायला वेळच मिळाला नाही. गाडीचा डावा आरसा तिच्या उजव्या कोपरावर बसला. पुढचं चाक कडेवरून खाली गेलं आणि ती डाव्या हातावर आपटली. पिकअप वीस हात पुढे जाऊन थांबली. देवेंद्र उतरला. त्याने आधी आरसा पाहिला. तो फुटला होता. मग तिच्याकडे पाहिलं.

"मावशी, हॉर्न ऐकू येत नाई काय?" म्हणाला, आणि गाडीत बसून निघून गेला.

डाव्या मनगटाचं हाड मोडलं. सात आठवडे प्लास्टर. ऐन हंगामातले सात आठवडे.

हाड दुखलं ते दुखलं. पण संध्याकाळी तिचा मुलगा रत्नदीप पानठेल्यावरून घरी आला आणि म्हणाला, "आई, देवेंद्र सांगून राह्यला, तू सोताहून पडली."

"त्याच्या आरशानं पाडलं मले."

"तो म्हणते, मी तर दूर होतो. बाईचा तोल गेला. या वयात होते म्हणते असं."

"अन् तू काय म्हणला?"

रत्नदीपने कोपऱ्यातल्या सायकलकडे पाहिलं. मग म्हणाला, "सायकल भंगारात देऊन टाकू. ऑटोनं जात जा."

तानाबाईने ताट सरकवलं. दहा वर्षांत ती एकदाही स्वतःहून पडली नव्हती. पाऊस, चिखल, डोक्याएवढं गवताचं ओझं मागे बांधलेलं, तरी नाही. आणि आता गावभर झालं होतं की तानाबाईला सायकल झेपत नाही. घरी विचारपूस करायला आलेल्या बायाही तेच बोलल्या. "होते व माय, वय झालं." आठव्या दिवशी देवेंद्रने आरसा बदलला. डावा नवा, चकचकीत. उजवा जुना, पिवळा पडलेला. तिने तो लोकांना दाखवला. लोक म्हणाले, आरसा काय कोणीही बदलतो.

त्या दिवशी तिने ठरवलं. हा माणूस चार लोकांसमोर आपल्या तोंडाने सांगेल की मीच पाडलं. तोपर्यंत त्याला सुखाने गाडी चालवू द्यायची नाही.

आधी सायकल. पुढच्या चाकाला आठ पडला होता, म्हणजे रिंग वाकली होती. प्लास्टरच्या हाताने तिने सायकल उलटी केली, सीट आणि हँडल जमिनीला. तारा आवळायची चावी उजव्या हातात. चाक फिरवायचं, ब्रेकच्या रबराला रिंग कुठे घासते ते पाहायचं, तिथल्या एका बाजूच्या तारा पाव फेरा सैल, दुसऱ्या बाजूच्या पाव फेरा घट्ट. अर्धा फेरा नाही. घाई केली की चाक दुसरीकडून वाकतं. रोज दोन तास, असे अकरा दिवस. बाराव्या दिवशी चाक फिरलं तेव्हा रबर आणि रिंग यांच्यात ज्वारीचा दाणा जाईल एवढी फट सगळीकडे सारखी होती. तुटलेल्या तीन तारा रत्नदीपने वर्ध्याहून आणल्या. कशाला पाहिजेत हे त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

जानेवारीच्या शेवटी प्लास्टर निघालं. तिसऱ्या दिवशी ती अंगणात उभी राहून ऐकत होती. देवेंद्र शेवटचा कॅन गाडीत चढवायचा तेव्हा मागचा फाळका आपटल्याचा आवाज यायचा. तो आला की ती निघाली. त्याच्या पन्नास पावलं पुढे.

आणि सिमेंटच्या अगदी मधोमध.

मागून हॉर्न वाजला. तिने पायडल मारणं थांबवलं नाही, वाढवलंही नाही. माणूस चालतो त्याहून थोडी जास्त चाल. हळू सायकल चालवणं जोरात चालवण्यापेक्षा जड काम आहे. दंड भरून येतात, मांड्या थरथरतात, नजर चाकापुढे दहा हातांवर ठेवावी लागते. तिचं मनगट ठणकत होतं. पण तिने सरळ रेघ ओढावी तशी सायकल तीन किलोमीटर नेली. अर्धा तास लागला. मोठ्या रस्त्याला लागताच ती डावीकडे झाली. देवेंद्रने जाता जाता खिडकीतून शिवी दिली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. देवेंद्रला लवकर निघता येईना, कारण लोकांनी दूध काढल्याशिवाय गाडी भरत नव्हती. उशिरा निघावं तर डेअरीवाले बोलत. ती मात्र पाळीला वेळेत पोचत होती. मोठ्या रस्त्यावरचे सहा किलोमीटर ती अशी मारायची की सातवीस झाले की फाटकात.

पाचव्या दिवशी तो खिडकीतून ओरडला, "मावशी, बाजूला घ्या न! दूध नासते!"

"मी बाजूला झाली का पडतो बाप्पा," ती मागे न पाहता म्हणाली. "वय झालं. तोल जाते."

"किती दिवस करान असं?"

"मले काय घाई हाय? हंगाम होळीलोक हाय."

"रस्ता काय तुमच्या बापाचा हाय?"

"नाई. तुह्याही नाई. म्हणून तं मधातून चालून राह्यलो."

आठव्या दिवशी तिने ऐकलं की डेअरीवाल्याने देवेंद्रला सगळ्यांसमोर झापलं. त्या दिवशी कवडी वेचताना तिला गाणं सुचत होतं.

चोविसाव्या दिवशी, म्हणजे फेब्रुवारीच्या तेवीस तारखेला, देवेंद्रचा धीर सुटला. नाल्याच्या पुलाच्या अलीकडे त्याने गाडी उजवीकडे घातली. दोन चाकं सिमेंटवर, दोन कडेखाली नेऊन पुढे काढू, असा त्याचा हिशेब असावा. पण तिथे कड सगळ्यात उंच होती आणि खाली रात्री ओलित झालेल्या शेताचं पाणी मुरलं होतं. उजवी चाकं खाली गेली आणि रुतली. गाडी कलली. फाळका उघडला. सहा कॅन गडगडत नाल्याकडे गेले. दोन कॅनची झाकणं निघाली.

तानाबाईने सायकल थांबवली, स्टँडवर लावली आणि पुलाच्या कठड्यावर बसली. हरभरा सोंगायला निघालेल्या पाच बाया मागून आल्या आणि उभ्या राहिल्या.

देवेंद्र गाडीच्या दरवाजातून कसाबसा बाहेर आला. गाडी पाहिली, दूध पाहिलं. "धक्का मारा वो बायांनो. चाकाखाली दगड देऊ, निघते."

बाया पुढे झाल्या. तानाबाई म्हणाली, "थांबा व. आधी याले इचारा, डिसेंबरात याच पुलाजवळ मी सोताहून पडली का?"

"आता हे काय काढता मावशी!"

"मले काई घाई नाई. दुधाले असन."

देवेंद्रने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "लागला असन आरसा."

"असन? आरसा कोनाचा होता?"

"माह्या गाडीचा."

"मंग कोनं पाडलं?"

"म्या." तो पुटपुटला.

"मोठ्यानं बोल. हॉर्न तं लय मोठा वाजवतं."

"म्या पाडलं! म्या धक्का मारला तुमाले! झालं?"

"झालं," तानाबाई म्हणाली. कठड्यावरून उठली, चाकाखाली तीन चपटे दगड नीट बसवले, आणि फाळक्याला डावा हात लावला. फक्त डावा. उजवा कमरेवर. "याच हातात जेवढा जोर उरला तेवढाच तुह्या गाडीले," म्हणाली. बाकीचा जोर पाच बायांनी लावला. गाडी वर आली.

त्या दिवशी ती पाळीला पहिल्यांदाच उशिरा पोचली. तिला त्याचं काही वाटलं नाही.

वाटलं ते संध्याकाळी. शेजारची रुख्मिणी दारात उभी होती. तिची एकच गाय, आणि त्या दोन कॅनांत तिचं दूध होतं. "तुह्यं भांडण त्याच्यासंग," रुख्मिणी म्हणाली, "अन् नाल्यात माह्या गाईचं दूध काऊन?" पैसे रुख्मिणीने घेतले नसते. दुसऱ्या दिवसापासून नळाचं पाणी भरून झालं की तानाबाई तिच्या गोठ्यात शिरायची. शेण काढायचं, गोठा झाडायचा, गाईला पाणी दाखवायचं. सात दिवस. सातव्या दिवशी रुख्मिणीने चहा दिला आणि म्हणाली, "माह्यं फिटलं. त्याचं तू पाह्य."

त्याचं पाहणं अजून बाकीच होतं. कारण देवेंद्र पानठेल्यावर सांगत फिरत होता की गाडी अडकली, बाईने अडवून धरलं, म्हणून जे पाहिजे ते बोललो. लोक हसत होते. रत्नदीपने घरी येऊन हे सांगितलं आणि या वेळी तो म्हणाला, "आई, त्या पाच बाया सांगतीन न."

"कोनाले सांगतीन? पानठेल्यावर बाया जाते काय?"

देवेंद्र आता दूध मोटरसायकलवर बांधून आधी नेत होता आणि पिकअप नंतर हळू आणत होता. तिला अडवायला कोणी उरलं नव्हतं. रस्ता तिचा झाला, पण नाव गेलं ते गेलंच होतं.

होळीच्या आधी हंगाम संपला. शेवटच्या आठवड्याची मजुरी पदरात बांधून ती सायकलने सरळ वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत गेली. तिथे एक फ्लेक्स छापणारा होता. बोरखेडीत दर महिन्याला कोणाचा ना कोणाचा फ्लेक्स लागायचा. जो फ्लेक्सवर आला तो खरा, अशी गावाची समजूत.

दुकानातल्या माणसाने संगणकातून मान न काढता विचारलं, "वाढदिवस का श्रद्धांजली?"

"दोन्ही नाई."

"मंग निवड झाली काय कुठं? अभिनंदन?"

"लिही," ती म्हणाली. "मी सांगतो."

तो लिहीत गेला. दुसऱ्या ओळीला त्याची बोटं थांबली. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग हसू दाबत पुढे लिहिलं. "त्याचा फोटो हाय काय?"

"त्याचा नाई टाकत. फुकटचा मोठा होईन. माह्या टाक. सायकल धरून."

"गुलाब, कबुतरं, काई टाकू बाजूनं?"

"काई नको. अक्षरं मोठी कर."

दुसऱ्या दिवशी रत्नदीपने दोन बांबू खणून रोवले. तिने उंची स्वतः मोजली. सायकलवाल्याच्या नाही, पिकअपच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर यावा एवढी. तार चारही कोपऱ्यांना दुहेरी आवळली, म्हणजे वाऱ्याने फाटणार नाही. पुलाजवळ, गावाकडून जाताना डाव्या हाताला, अजूनही तो आहे:

"याच जागी ११ डिसेंबरला सौ. तानाबाई थूल स्वतःहून पडल्या नाहीत. दुधाच्या गाडीचे चालक देवेंद्र यांनी आरशाचा धक्का मारून पाडले. २३ फेब्रुवारीला पाच बायांसमोर त्यांनी हे मोठ्याने कबूल केले."

खाली पाच बायांची नावं. दहा बाय सहाचा. सहा दिवस कवडी वेचल्याची मजुरी त्यात गेली, बांबू आणि तार धरून.