अकोल्याच्या आजीचं इंडोनेशियन

अकोला अमरावतीहून दोन तासांवर आहे, पण इंडोनेशियातलं सुराबाया कुठे आहे, हे मला तीन वर्षांपूर्वी नकाशात शोधावं लागलं होतं. तरीही कमलबाईंची बातमी मला आधी कळली ती सुराबायाहून. सकाळचे पावणेसात झाले होते. फोनवर सुलास्त्रीबाई होत्या, म्हणजे निखिल, तुझ्या सासूबाई. आवाज घाबरलेला. "इबू कमला बलुम जावाब," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. कमलबाईंनी अजून जवाब दिला नाही. या दोघी रोज सकाळी साडेसहाला बोलायच्या, आणि त्या दिवशी तीनदा फोन वाजूनही कुणी उचलला नव्हता. मी अकोल्याला फोन लावला. त्यांची सून मंदा फोन हातात धरूनच खोलीत गेली... आणि मला पलीकडून फक्त तिचं रडणं ऐकू आलं. झोपेतच गेल्या होत्या. हृदयाचं दुखणं जुनंच होतं.

त्याला आता सहा आठवडे झाले. निखिल, रेवा, तुम्ही दोघंही लांब आहात आणि तुमची अकोल्याची आजी तुम्हाला सुट्ट्यांपुरतीच मिळाली. म्हणून हे लिहिते आहे. क्रमाने सांगते, कारण मला क्रमानेच सांगता येतं.

तुमची आई अकोल्याची आणि बाबा अमरावतीचे, म्हणजे कमलबाई माझ्या विहीणबाई. वऱ्हाडात विहिणीला ईन म्हणतात. त्या मला 'ईनबाई' म्हणायच्या. त्यांचा भाजीपाला आणि फुलांचा मळा अकोल्याच्या बाहेर आहे. तुम्ही झेंडूच्या वाफ्यांत धावलात तोच. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. मी पुण्याची, मिशनच्या शाळेत वाढलेली, अमरावतीला लग्न होऊन आले आणि एकतीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं. लग्नाआधी मुलगी पाहायला मी त्यांच्या घरी प्रथम गेले, तेव्हा दारातच त्यांनी विचारलं, "जेवल्या का?" मागोमाग, "येता येता कुठी कुठी थांबल्या?" मला वाटलं, काय या चौकशा! मी "हो" आणि "कुठेच नाही" एवढंच म्हटलं आणि खुर्चीत ताठ बसले.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण निखिल चार वर्षांचा असताना अकोल्याहून परत आला आणि म्हणाला, "मले पानी दे." त्याला सोडायला आलेल्या कमलबाई समोर बसल्या होत्या. त्यांच्यादेखत मी त्याला म्हटलं, "मले नाही बाळा, मला. नीट बोलावं." त्या दिवसानंतर माझ्यासमोर त्या अगदी मोजकं बोलू लागल्या, तेही पुस्तकातल्यासारखं, प्रत्येक शब्द चाचपून. "जेवल्या का" हे त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही. मंदाकरवी ताट यायचं. माझ्या हे लक्षात यायलाही काही वर्षं गेली, आणि लक्षात आल्यावर काय करावं ते मला सुचलं नाही. चूक दुरुस्त करणं हाच ज्याचा धंदा, त्याला स्वतःची चूक दुरुस्त करता येतेच असं नाही.

मग निखिल, तुझा सुराबायाहून फोन आला. मुलगी तुझ्याच कंपनीतली, नाव रत्ना. लग्न तिकडे होणार, आणि दिवाळीनंतर अकोल्याच्या मळ्यावर सगळ्यांना जेवण. रत्नाची आई पंधरा दिवस राहायला येणार. रत्नाला इंग्रजी येतं, आईला फक्त त्यांची भाषा. तुझी आई म्हणाली, काही अडचण नाही, रत्ना इंग्रजीत सांगेल, मी मराठीत सांगेन. सगळ्यांना ते पटलं.

दुसऱ्या दिवशी कमलबाईंचा मला फोन. त्या स्वतःहून मला फोन करत नसत.

"ईनबाई, तुमी मले त्याइची भाषा शिकवा."

"अहो, मला कुठे येते?"

"मंग शिका. तुमाले शिकता येते." मग म्हणाल्या, "तुमच्यासंग बोलाले मले वीस वर्सं लागून राहिले. अजून जमलं नाही. हिच्यासाठी तेवढा टाइम नाही माह्यापाशी."

एवढं सरळ मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मी कामाला लागले. पुस्तक मागवलं, मोबाईलवर धडे घेतले, समास आखून वही केली. पहिला धडा अंक, दुसरा रंग, तिसरा 'हे पुस्तक आहे'. दर गुरुवारी सकाळच्या बसने अकोल्याला जायचं, दुपारी मळ्यातल्या पडवीत शिकवायचं. तिथे बायका हार ओवत बसलेल्या असत आणि कमलबाई त्यांच्यात. पहिल्या दिवशी मी वाचलं, "इनी बुकू. हे पुस्तक आहे."

"तिले दिसत नाही का?" कमलबाईंनी विचारलं.

बायका खिदळल्या. मी दुसरं वाक्य घेतलं, 'टेबल लाल आहे'. त्यांनी सुई थांबवली. "ईनबाई, थे बाई चार हजार कोस उडून येनार. तिले मी टेबल दाखवू?" मग त्यांनी त्यांची यादी सांगितली आणि मी लिहून घेतली. जेवल्या का. कुठी चालल्या. थकल्या का. बसा. अजून घ्या न. लाजू नोका. पाय दुखून राहिले का. घरी कोन कोन हाय. एवढं आलं की बाकीचं आपोआप येते, असं त्यांचं म्हणणं.

शब्द त्यांना पटापट लागत. बातमीला तिकडे 'काबार' म्हणतात, वेळेला 'वाक्तू', जगाला 'दुनिया', साबणाला 'साबुन'. हे सगळे शब्द त्यांच्या तोंडात आधीपासूनच होते; अडखळायचे ते मी. विहिणीला 'बेसान' म्हणतात, अगदी आपल्या भाकरीबरोबरच्या बेसनासारखं, हे कळलं, तेव्हा हार ओवणारी गिरजाबाई म्हणाली, "म्हनजे आता ईन आली का भाकर थापाची!" त्या दिवशी पुढचा धडा झालाच नाही. पण कमलबाईंचा सर्वात लाडका शब्द 'बलुम'. तिकडचे लोक पटकन 'नाही' म्हणत नाहीत, 'बलुम' म्हणतात, अजून नाही. लग्न झालं का? बलुम. त्या म्हणाल्या, "किती चांगले लोक हायेत. कोनाचंच दार लावत नाहीत."

एका गोष्टीवर मात्र मी हटून बसले. 'जेवलात का' आणि 'कुठे निघालात' हे प्रश्न पहिल्या भेटीत विचारायचे नाहीत. परक्या बाईला ते आगाऊपणाचं वाटेल. मी त्यांच्यासाठी एक सभ्य वाक्य तयार केलं: "सलामत दातांग. कामी सांगात सनांग बर्तमु दंगान इबू." सुस्वागतम, आपल्याला भेटून आम्हाला फार आनंद झाला. दोन महिने ते मी घोटून घेतलं. त्यांना ते प्रत्येक वेळी मधेच सुटायचं, आणि सुटलं की त्यांच्या चेहऱ्यावर तोच जुना भाव यायचा, शब्द चाचपण्याचा. मला तो दिसत होता. तरी मी म्हणायचे, "पुन्हा एकदा."

तो दिवस आला. नागपूरहून गाडी दुपारी दोन वाजता मळ्याच्या फाटकाशी थांबली. कमलबाई ओवाळायचं ताट घेऊन उभ्या होत्या. बाजूला मंदा, गिरजाबाई, सगळी भावकी. तू आणि रत्ना मागे सामान उतरवत होतात, आणि सुलास्त्रीबाई एकट्याच पुढे आल्या. ठेंगण्या, डोक्यावर फिकट हिरवा रुमाल, दोन्ही हातांनी पर्स छातीशी धरलेली. मी कमलबाईंकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, पण वाक्य निघेना. "सलामत..." आणि थांबल्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मग मीच पुढे झाले आणि ते वाक्य खणखणीत म्हटलं, एकही चूक न करता. सुलास्त्रीबाईंनी मान झुकवली, तितक्याच सभ्यपणे आभार मानले... आणि संपलं. पुढे कुणाला काही बोलता येईना.

कमलबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. ती नजर परवानगी मागणारी मुळीच नव्हती. मग त्या पाहुणीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "सुदाह माकान, बू?"

जेवल्या का, बाई?

सुलास्त्रीबाईंचा चेहरा मी जन्मभर विसरणार नाही. पर्स खाली आली. त्या आधी हसल्या, मग त्यांचे डोळे भरले, मग पुन्हा हसल्या. "बलुम!" त्या म्हणाल्या. "बलुम, बलुम!"

"अवं मंदे, उपाशी हाय थे!" कमलबाई घराकडे तोंड करून ओरडल्या. "पानं घ्या! काय पाहून राहिल्या साऱ्या?" ओवाळून झालं न झालं तोच ताट गिरजाबाईच्या हातात देऊन त्यांनी पाहुणीचं मनगट धरलं आणि घरात नेलं. "चापेक? थकल्या? दुदुक, दुदुक. बसा." पाटवडीचा रस्सा वाढला, मिरचीचा ठेचा वाढला. तो सुलास्त्रीबाईंनी पुन्हा मागून घेतला. "तांबाह लागी," अजून घ्या, असं कमलबाई म्हणायच्या. "घ्या न," हे सुलास्त्रीबाई तासाभरात शिकल्या आणि उलट कमलबाईंनाच वाढू लागल्या.

रत्नाने मला नंतर इंग्रजीत सांगितलं की त्यांच्या गल्लीत भेटणारं प्रत्येक माणूस हेच दोन प्रश्न विचारतं: जेवलीस का, आणि कुठे चाललीस. कुणी विचारलं नाही, तर माणूस रागावलंय असं समजायचं. "आजी, विमानात आई सारखी एकच म्हणत होती, तिथे मला हे कोण विचारणार?" जे मी वहीतून दोन महिने खोडत होते, नेमकं तेच त्या बाईला हवं होतं. आणि पंचवीस वर्षांपूर्वी अकोल्याच्या दारात मला ते मिळालं होतं, आयतं.

संध्याकाळी पंगती उठल्यावर मी ओसरीवर एकटी बसले होते. कमलबाई पदराला हात पुसत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. चेहरा जिंकलेल्या माणसाचा.

"ईनबाई," त्या म्हणाल्या, "जेवल्या का?"

मी दुपारी पंगतीत जेवले होते. पण तोंडातून निघालं, "बलुम."

"खोटं बोलून राहिल्या!" त्या खदखदून हसल्या आणि तरीही ताट घेऊन आल्या. मी सगळं संपवलं. माफी मागायची म्हणून मी तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "आदी खा. तुमचं थे मोठं वाक्य उद्या ऐकते."

ते मोठं वाक्य त्यांनी कधीच ऐकून घेतलं नाही. गरजही राहिली नाही. पुढची अडीच वर्षं आम्ही भांडलो, हसलो, तुमची उणीदुणी काढली, सगळं मोकळेपणाने. सुलास्त्रीबाईंशी तर त्यांचं रोजचं बोलणं झालं, निम्मं वऱ्हाडी, निम्मं इंडोनेशियन, आणि कुणालाही कधी काही समजावून सांगावं लागलं नाही.

तेरवीनंतर मी अकोल्याहून परत निघाले. बसमध्ये नेहमीप्रमाणे खिडकीशी बसून पुस्तक काढलं. मूर्तिजापूरला एक म्हातारी चढली, हातात मोठं बोचकं, बसायला जागा नाही. मी सरकले आणि माझ्या तोंडून आलं, "या न, बसा इथं. पाय दुखून राहिले का?" ती बसली. बडनेरा येईपर्यंत तिचे पाय, तिच्या तीन मुली आणि धाकट्या जावयाचा तिरसट स्वभाव, सगळं मला माहीत झालं, आणि माझंही बरंचसं तिला. उतरताना बोचकं डोक्यावर घेत तिने विचारलं, "तुमी अकोल्याच्याच काय, बाई?"

पुण्याला जन्मले आणि अमरावतीला पन्नास वर्षं काढली, हे सांगायला वेळ होता. मी म्हटलं, "हो. तिथं माही ईन होती."