भाकरीचं वजन

चार मार्च, दुपारचे पावणेतीन. द्राक्षांचं पॅकहाऊस. हजर: आम्ही चौदा बायका, सुपरवायझर आणि मालक. फेब्रुवारीच्या चोवीस दिवसांचे प्रत्येकी दहा हजार आठशे त्या दिवशी मिळायचे होते.

सकाळी आठपासून उभी होते. कंटेनर भरायचा म्हणून जेवणाची सुट्टी नाही. दाराबाहेर जाऊन डबा उघडला. पहिला घास तोंडात, आणि मालक समोर. त्यांनी भाकरी उचलली, आत नेली आणि मी द्राक्षांचे डबे तोलायचे त्या काट्यावर ठेवली.

"एकशे नव्वद ग्रॅम! एवढ्यासाठी अर्धा तास पाहिजे मावशीला? लगीनघर आहे का हे?"

सुपरवायझर हसला. दोघी-तिघी बायकाही हसल्या. मला राग आला नाही. काहीच आलं नाही. तो काटा रिकाम्या डब्याचे बारा ग्रॅम आपोआप वजा करतो. भाकरी खरी दोनशे दोन ग्रॅमची होती, एवढंच मनात आलं. मी हातमोजे चढवले आणि तोलायला लागले. भाकरी कचऱ्यात गेली.

सात वाजता सुपरवायझरने हजेरीचं रजिस्टर पुढे केलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून महिनाभराच्या वेळा मीच एकदम भरायचे. आठ ते साडेपाच. जेवण एक ते दीड. चौदाही जणींच्या. खरं तर जेवणाची सुट्टी कधीच नसायची आणि सुटायला रोज सात वाजायचे. घरी वाण्याच्या बिलातला रुपया न सोडणारी मी, इथे हे लिहीत होते. सुबक अक्षरात. बाकीच्या खाली सह्या करायच्या.

त्या दिवशी फेब्रुवारीच्या चोवीसही दिवसांपुढे जेवणाच्या सुट्टीच्या रकान्यात लिहिलं: मिळाली नाही. सुटायची वेळ: सात.

चांदवडची सुनीता शेजारी उभी होती. कुजबुजली, "ताई, लय महागात पडंल. लिवा ना नेहमीसारखं."

"तुझे रोजचे दोन तास मी खाल्ले, सुनीता. एका महिन्यात अठ्ठेचाळीस."

त्या पानाचा फोटो घेऊन कामगार कार्यालयात गेले. रोज साडेचारशे, नऊ तासांचे. तासाला पन्नास. नऊ तासांपुढे दुप्पट, म्हणजे शंभर. तक्रारीवर माझ्यासह नऊ जणींनी सह्या केल्या. पाच जणी घाबरल्या. दुसऱ्या दिवसापासून मला कामावर घेतलं नाही.

मालकांनी घरी निरोप धाडला, "मावशीचे तेवढे देतो, मिटवून टाका." मी नाही म्हटलं.

मे महिन्यात कामगार कार्यालयाच्या आदेशाने नऊ जणींना प्रत्येकी चार हजार आठशे मिळाले. त्यात सुनीता होती, मी होते. उरलेल्या पाच जणींना काही नाही. त्यांच्या खोट्या वेळाही मीच लिहिल्या होत्या. त्यांचे पैसे मिळेपर्यंत मी मिटवणार नाही.