खालच्या पट्टीवरचा पत्ता

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बारामतीत नेट कॅफे नवा होता आणि आमच्या कळस गावाहून एसटीनं आठवड्यातून दोनदा तिथं जाणारी मी स्वतःला फार शहाणी समजत होते. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत नोकरीसाठी अर्ज केला होता. मुलाखतीचं बोलावणं ई-मेलवर येणार होतं, म्हणून ही धावपळ.

कॅफेच्या मालकांनी मला एक मंत्र दिला होता. लिंक दाबण्याआधी माउसचा बाण तिच्यावर नुसता न्यायचा. ब्राउझरच्या तळाच्या पट्टीत खरा पत्ता उमटतो. हा मंत्र मी शेजारच्या खुर्चीवरच्यांनाही, कुणी न विचारता, देत असे.

एक दिवस मेल आली. तुमची पेटी भरली आहे, इथे दाबा, नाहीतर बंद होईल. मी बाण नेला. तळाला मेल कंपनीचा अगदी बरोबर पत्ता. दाबलं. पासवर्ड मागितला, दिला. पुढच्या खेपेला पेटी काही उघडेना; पासवर्ड कुणीतरी बदलून टाकला होता.

मालक पडद्याकडं बघत शांतपणे म्हणाले, "ती पट्टी पान बनवणाऱ्याला पायजे तशी लिहिता येती, मॅडम." मंत्रासोबत एवढं सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं होतं.

त्यांच्यापेक्षा मला माझाच राग आला. आमच्याकडं एसटीच्या पाटीवर कुणी विश्वास ठेवत नाही. पाटी इंदापूरची असली तरी एक पाय पायरीवर ठेवून कंडक्टरला विचारायचं, "कळसला थांबती का?" मग आत बसलेल्यांना पुन्हा तेच. माझे वडील, आबा, तर तिकीट काढल्यावरही विचारायचे आणि मी लाजून खिडकीबाहेर बघायचे. त्याच आबांची लेक इंग्रजीत लिहिलंय म्हणून पाटीला भुलली.

मुलाखतीचं काय झालं, असं विचारणारं पत्र मी प्रयोगशाळेला पोस्टानं टाकलं. पंधरवड्यानं पोस्टमननं उत्तर आणून दिलं. मुलाखतीचं ई-मेलनं कळवलं होतं, आपण आला नाहीत, जागा भरली आहे.

आबांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "पत्ता तर बरोबर हाय की. मग पयलं बोलावणं बी पोस्टानंच का न्हाय धाडलं?"

"त्यांचे नियम असतील," मी म्हटलं.

अर्जात उत्तर कसं हवं ते विचारलं होतं. तिथल्या 'टपालाने' या शब्दावर मीच ठळक काट मारली होती.