फिका गुलाबी

माझी ताई रसायनशास्त्राची बाई. मी त्याच शाळेत भाषा शिकवते आणि मला तिच्या विषयातलं ओ की ठो कळत नाही. तरी आम्ल आणि आम्लारी एकमेकांचा जोर कसा मोडतात हे मला पाठ आहे, कारण घरातही ती तेच बोलते. खाली काचपात्रात आम्ल आणि रंग दाखवणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब, वर उभ्या नळीत आम्लारी. तोटी अलगद फिरवून थेंब थेंब सोडायचा. आम्लाचा जोर संपला की फिका गुलाबी रंग उमटतो, तिथेच तोटी बंद. थेंबभर जास्त पडलं की रंग भडक, आणि सगळी मेहनत पाण्यात.

भडक रंग आणणारीला ती विचारायची, “नळावर पाणी भरायला आलीस का गं?” मुली तिला मागून थेंबबाई म्हणायच्या. तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

या वर्षी तिचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कपबशी वाजायला लागली, मग फळ्यावरची अक्षरं बिघडली. डॉक्टरांचं नाव काढलं की खेकसायची. प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली तशा घरात तिच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. बसली की उठायची, उठली की कशाला उठले ते विसरायची. परीक्षेच्या दिवशी बाईंनी स्वतः प्रयोग करून उत्तर काढायचं आणि मुलींची उत्तरं त्याच्याशी ताडून गुण द्यायचे, अशी आमच्याकडची पद्धत. तिचा हात चुकला तर अख्खा वर्ग बुडणार होता. दुसऱ्या कुणाला करू दे म्हटलं, तर तिने माझ्याशी अबोला धरला.

परीक्षेला मी देखरेखीवर होते. ताईच्या पात्रातला रंग मला सकाळीच जरा गडद वाटला, पण “फिकाच आहे,” म्हणून तिने मला गप्प केलं. दुपारी बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या कपाळावर आठ्या चढल्या. मुलींची उत्तरं आपापसात जुळत होती, ताईशी एकीचंही जुळत नव्हतं. एकमेकींचं बघून लिहिलंय, असं म्हणत त्यांनी लाल पेन उघडलं. ताई गप्प राहिली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता.

ती उठली आणि सकाळचं पात्र त्यांच्यापुढे ठेवलं.

“सर, मुली बरोबर आहेत. जास्तीचे थेंब माझे आहेत,” ती म्हणाली आणि थरथरता हात सगळ्यांसमोर पुढे केला.

मग उत्तर पुन्हा काढावं लागेल, असं परीक्षक म्हणाले. ताईने मला हाक मारली. तोटी मी धरायची, नजर तिची. मी जरा घाई केली, तर भर वर्गात मला ऐकवलं, “नळावर पाणी भरायला आलीस का गं?” मुली खुदकन हसल्या. माझे डोळे भरून आले होते, त्यामुळे रंग मला दिसलाच नाही. ती “बस” म्हणाली तेव्हा मी तोटी बंद केली.

उत्तर मुलींशी जुळलं. ताई मुलींच्याच एका स्टुलावर बसली. हात मांडीवर तसाच हलत होता, तिने तो लपवला नाही. आणि कितीतरी दिवसांनी, बसली ती बसूनच राहिली.