मी लिहिलेलं जन्मगाव

मुदखेडच्या शाळेत मी एकोणीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापिका म्हणून. दाखल-खारीज रजिस्टर माझ्या कपाटात असायचं आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. जन्मतारीख बदलून द्या म्हणून किती लोक आले असतील. कुणाला नातवाला सैन्यात घालायचा होता, कुणाला पोरीचं लग्न वयात बसवायचं होतं. गावातला एक मोठा पुढारी माझ्याशी तीन महिने बोलला नाही, कारण मी त्याच्या पुतण्याचं साल बदललं नाही. माझ्या बदलीची खटपटही त्यानं करून पाहिली. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करते. त्या रजिस्टरात मी जाणूनबुजून खोटं असं एकदाच लिहिलं.

जून महिना होता. गाद्या भरणारा एक माणूस बायकोला आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन नाव घालायला आला. त्याला सगळा गाव ओळखत होता. स्टेशनकडच्या रस्त्याला त्याचं दुकान, तीन पिढ्यांपासूनचं. पहिली बायको वारल्यावर त्यानं हैदराबादेकडून ही दुसरी करून आणली होती. मुलगी आईच्या आधीच्या संसारातली, हेही गावाला माहीत होतं. त्यानं तिला आपलं नाव दिलं होतं.

"बाई, लेकरू लई हुशार हाय. लिवून घ्या," तो म्हणाला.

मी रकाने भरत गेले. जन्मस्थळाला थांबले.

"मुदखेडच लिवा," तो घाईनं म्हणाला. "घरीच झाली."

तेवढ्यात दुकानातून कुणीतरी त्याला बोलवायला आलं आणि तो उठून गेला. मी त्या बाईला विचारलं, मुलगी तर तुझ्याबरोबर आलेली, मग घरी बाळंतपण कुणी केलं? गावातल्या दोन्ही सुईणी मला माहीत होत्या. ती मुलीची वेणी सारखी करत राहिली. मी पुन्हा विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण मुलगी आईच्या पदराआड गेली. मग ती बाई तिच्या मोडक्या भाषेत म्हणाली, "इथं नाही झाली, बाई. नदीच्या पलीकडं झाली. दुसऱ्या मुलकात. सहा महिन्यांची होती, तिला घेऊन आले."

नदी कुठली ते मी विचारलं नाही. ती सरहद्दीवरची, हे तिची बोली ऐकून मला कळलं होतं.

मी पेन उचललं आणि 'मुदखेड' लिहिलं.

आज मी म्हणू शकते की मला त्या लेकराची दया आली. तसं म्हणायला बरं वाटतं. पण खरं सांगायचं तर बाहेर वीस-पंचवीस पालक उभे होते, मधल्या सुट्टीची वेळ झाली होती, आणि रकाना मोकळा ठेवता येत नव्हता. एका पोरीच्या जन्मगावानं काय बिघडतं, एवढाच विचार मी केला असेल. त्याच आठवड्यात दगडफोडीच्या कामावर आलेलं एक कुटुंब दोन मुलं घेऊन आलं होतं. त्यांच्याकडं काहीच कागद नव्हते. गावातलं कुणी ओळखीचं घेऊन या म्हणून मी त्यांना परत पाठवलं. ते पुन्हा आले नाहीत. ते कुठले होते हेसुद्धा मी विचारलं नव्हतं.

मुलगी खरंच हुशार निघाली. चौथीत असताना ती माझ्या हस्ताक्षराची हुबेहूब नक्कल करायची आणि मी रागवायची. बारावीनंतर ती लातूरला नर्सिंगला गेली आणि तिथल्याच एका खाजगी दवाखान्यात लागली. सहा वर्षांपूर्वी माझ्या मिस्टरांचं पित्ताशयाचं ऑपरेशन तिथं झालं. नऊ दिवस आम्ही तिथं होतो. ड्युटी संपली तरी ती काकांपाशी येऊन बसायची. मिस्टर रेल्वेतून निवृत्त झालेले, हट्टी माणूस; डॉक्टरांचं ऐकायचे नाहीत, तिचं मात्र ऐकायचे. ती त्यांना दम द्यायची, "काका, उठून चाला, न्हाईतर मी घरी फोन करून सांगते बाईंना." घरच्या बाई म्हणजे मीच, समोरच बसलेली. ते हसायचे, टाके दुखायचे, आणि पुन्हा हसायचे.

तिला सौदीत नोकरी मिळत होती. पासपोर्टसाठी जन्मदाखला लागला. गावात नोंद नव्हती म्हणून तिनं तहसीलमधून उशिराचा दाखला काढला, माझ्या रजिस्टरच्या उताऱ्यावर. आणि मग अशा उशिरा काढलेल्या दाखल्यांची फेरतपासणी सुरू झाली. बाहेरच्या देशातले लोक असे दाखले काढून इथले होताहेत, असा बोभाटा झाला होता. टीव्हीवर रोज तेच. एकजण म्हणायचा, सगळ्यांना हाकला. दुसरा म्हणायचा, इतकी वर्षं राहिलेल्यांना माफी द्या, कागद द्या. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवरही हीच भांडणं. मी बहुतेक वेळा पहिल्या बाजूनं अंगठा द्यायची. देश म्हणजे धर्मशाळा नाही, असं मीही लिहिलं होतं एकदा. ते लिहिताना मला ती मुलगी आठवली नाही. खरंच आठवली नाही. ती मला परकी कधी वाटलीच नव्हती.

एके दिवशी सकाळी नांदेडहून फोन आला. चौकशीचे अधिकारी होते. मुदखेडच्या एका प्रवेश नोंदीवर माझी सही आहे, जबाबाला यावं लागेल, म्हणाले. त्या मुलीचं नाव सांगितलं. मी हो म्हटलं आणि फोन खाली ठेवला.

मिस्टर पेपर वाचत बसले होते. त्यांना मी सगळं सांगितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

त्यांनी चष्मा काढला. "तुला माहीत होतं? आणि तू लिहिलंस?"

"हो."

"तू? त्या पुढाऱ्याला दारात उभं केलं नव्हतंस तू."

ते उठले, अंगणात गेले, परत आले. "हे बघ, खरं सांगून टाक. कायदा म्हणजे कायदा. आपण कशाला अडकायचं?" मग खुर्चीत बसत म्हणाले, "पण त्या पोरीला काय पाठवणार तिकडं? सहा महिन्यांची आली ती. तिला तिकडची भाषा तरी येते का? अशांसाठी काही सवलत पाहिजे."

"तुम्हीच तर म्हणता रोज, सवलत दिली की आणखी येतात."

"ते मी येणाऱ्यांबद्दल म्हणतो," ते चिडून म्हणाले. "ही काय येणारी आहे?"

दोन दिवसांनी तिची आई आली. गाद्यावाला तीन वर्षांपूर्वी वारला होता. ती एकटीच दुकान चालवत होती. अंगावर कापसाचे तंतू तसेच. मी पाणी दिलं. तिनं पेला हातात धरून ठेवला.

"भाभी, पोरीला माहीत आहे?" मी विचारलं.

"न्हाई बाई. तिला आजतक सांगितलं न्हाई. तिच्या अब्बानं कसम घातली होती." आता तिची भाषा आमच्या बाजारातल्या कुठल्याही बाईसारखी झाली होती. "तुम्ही काय सांगणार साहेबाला?"

"विचारलं तर खरं सांगावं लागेल मला. खोटं कसं बोलू?"

तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं. आवाज न चढवता म्हणाली, "एक बार बोललात ना, बाई."

तिनं पेला न पिता खाली ठेवला आणि गेली.

नांदेडला मी एकटीच गेले. कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर माणसं बसली होती, हातात प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत कागद. बरीचशी आमच्याच भागातली. एक म्हातारा हदगावचा होता. माझ्या आज्यापासून तिथंच हाय म्हणून ज्याला त्याला सांगत होता, त्याच्याही दाखल्यावर शंका निघाली होती. त्याच बाकाच्या टोकाला ती मुलगी बसलेली. रजा काढून लातूरहून आली होती. मला बघून उठली आणि खाली वाकली.

"बाई, तुम्हाला माझ्यामुळं त्रास. पण आता मला काळजी न्हाई. मी साहेबांना सांगितलंय, माझ्या बाईंनी लिहिलंय म्हणजे ते खरंच असणार."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेले.

अधिकारी तरुण होते, सभ्य होते. मला आधी बसायला सांगितलं. समोर माझ्या हस्ताक्षराची झेरॉक्स.

"ही माहिती कुणी दिली होती?"

"वडिलांनी." हे खरं होतं.

"जन्माचा पुरावा घेतला होता?"

"त्या काळी पालकाच्या सांगण्यावर लिहीत असू." हेही खरं होतं.

त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. "बाई, तुम्हाला तेव्हा काही शंका आली होती का?"

खिडकीतून व्हरांडा दिसत होता. मी तिकडं बघितलं नाही.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी ते लिहून घेतलं, वाचून दाखवलं, मी सही केली. निघताना ते म्हणाले, "सकाळी एक शिष्टमंडळ येऊन म्हणतं, तुम्ही एकालाही सोडू नका. दुपारी दुसरं येऊन म्हणतं, तुम्ही गरिबांना छळताय. मी फक्त कागद बघतो, बाई." मला वाटतं, ते खरंच तसं करत होते.

माझ्या खोट्याचा काही उपयोग झाला नाही. तहसीलच्या फाईलमध्ये पंचनामा नव्हता, साक्षीदारांचे जबाब नव्हते, म्हणून तिचा दाखला रद्द झाला. हदगावच्या म्हाताऱ्याचाही झाला असं नंतर कळलं. पासपोर्ट अडकला. मग तिच्या आईचे कागद मागितले गेले. आईकडं रेशनकार्ड होतं, मतदानाचं कार्ड होतं, पण त्याआधीचा एकही कागद नव्हता. पोलिसांनी बोलावलं तेव्हा तिनं आपल्यापुरतं खरं सांगून टाकलं. पण मुलगी मात्र इथंच झाली, या बोलण्यावरून ती हटली नाही. घरी आल्यावर मुलीनं तिला समोर बसवलं आणि सगळं वदवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी माझ्याकडं आली. चप्पल काढून दारातच उभी राहिली.

"बाई, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही. "मी त्या बाकावर बसून सगळ्यांना सांगत होते, माझ्या बाई खोटं लिहीत न्हाईत. तुम्ही माझ्यासमोरून आत गेला. एक शब्द सांगितला न्हाई."

"तुझ्यासाठीच केलं," मी म्हणाले, आणि म्हणतानाच मला ते पोकळ वाटलं.

"दुसऱ्या कुणासाठी केलं असतं? दुसरं एखादं लेकरू असतं, कागद नसलेलं?"

मी तिला दगडफोड्यांच्या त्या कुटुंबाबद्दल सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे माझं नशीब," ती म्हणाली. "अब्बाला गावात सगळे ओळखत होते, एवढंच."

मिस्टर आतल्या खोलीतून आले. तिला आत ये म्हणाले, चहा घे म्हणाले. ती म्हणाली, "नको काका. मला लातूरची गाडी गाठायची आहे." आणि पहिल्यांदाच आमच्या घरातून काही न खाता-पिता गेली.

जबाब बदलायचा, खरं काय ते सांगायचं, असं मी ठरवलं. तिनं केलेल्या वकिलाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही मन हलकं कराल आणि ती पोरगी आत जाईल. गप्प बसा." म्हणून मी गप्प आहे. तिनं औरंगाबादच्या खंडपीठात अर्ज केलाय. दवाखान्यानं तिला कामावरून काढलं नाही, पण निकाल लागेपर्यंत येऊ नका म्हणाले. ती लातूरला एका म्हाताऱ्या बाईची घरगुती शुश्रूषा करते. मी फोन केला तर उचलते, बरी आहे म्हणते आणि ठेवते.

मिस्टर आता बातम्या लावत नाहीत. ग्रुपवर वाद चालूच आहेत. मी वाचते. दोन्ही बाजूंचं मला पटतं, पण आमच्या दारात उभी राहिलेली ती पोरगी दोन्हीकडच्या बोलण्यात कुठं दिसत नाही. कायदा नको असं मी म्हणू शकत नाही. आयुष्यभर मी तोच शिकवला. आणि त्या पोरीला कुठं पाठवायचं ते मला कुणी सांगू शकत नाही. जिथं ती जन्मली त्या गावाचं नाव तिच्या आईलासुद्धा नीट सांगता येत नाही. पूर येऊन ते नदीत गेलं म्हणते.

तिच्या आईला दर सोमवारी ठाण्यात हजेरी लावावी लागते. गेल्या दोन महिन्यांपासून मी तिच्यासोबत जाते. तिनं बोलावलं नव्हतं, पण नकोही म्हणाली नाही. आम्ही फारसं बोलत नाही. मागच्या सोमवारी ठाण्यातला हवालदार माझा विद्यार्थी निघाला. "बाई, तुम्ही इथं?" म्हणत तो उठला, आणि स्वतःची खुर्ची मला पुढं केली. तिथं दुसरी खुर्ची नव्हती. मी तिला बस म्हटलं. ती मान हलवून भिंतीला टेकून उभी राहिली. मीही बसले नाही. तो अवघडून आम्हा दोघींकडं बघत राहिला, मग वही काढली आणि सहीची जागा बोटानं दाखवली.