डाव्या खिडकीतला रस्ता

आक्काच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला काही महिने प्रवास बंद केला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, पलूसला दिलेली. दिवाळीला तिला माहेरी, वडूजला येता येणार नव्हतं. फोनवर म्हणाली, निदान रस्ता तरी दाखव. मी नुकताच गाडीवर लावायचा छोटा कॅमेरा घेतला होता, म्हणून हो म्हणालो.

तिच्याकडं निघताना बॉनेटचा पुढचा उतार ओल्या फडक्यानं पुसला, कोरडा केला आणि कॅमेऱ्याची रबरी चकती दाबून बसवली. सुटलाच तर पडू नये म्हणून त्याला दोरी बांधून ती पुढच्या जाळीत अडकवली. ड्रायव्हरच्या सीटवरून तो दिसत नव्हता. मायणी, विटा करत पलूसला पोचलो तेव्हा तो डावीकडं मान टाकून बसला होता. विट्याच्या पुढं एखाद्या गतिरोधकावर चकतीवरचा सांधा ढिला झाला असणार.

टीव्हीला जोडून आक्काला दाखवलं. समोर डांबर, पांढरी रेघ, पुढचा ट्रक. हे कुठलं गाव, असं ती सारखं विचारत होती. मायणीसुद्धा तिला ओळखू आली नाही. मला वाटलं, औषधांची गुंगी असेल. मग कॅमेरा वळल्यानंतरचा भाग आला आणि ती पलंगावर सरकून बसली. विहीर, वीटभट्टी, कुणाची तरी द्राक्षबाग, सगळं भराभर सांगत सुटली. मघाशी काहीच कसं ओळखलं नाहीस, असं मी विचारलं.

"मी कवा फुडं बसलीया रं? यष्टीत न्हाई, तुज्या दाजींच्या गाडीत न्हाई. फुडनं रस्ता कसा दिसतो, मला काय ठावं?"

ती नेहमी डाव्या खिडकीशी बसायची, हे मला माहीत होतं. पण त्याचा असा विचार मी कधी केला नव्हता.

थोड्या वेळानं तिनं चित्र थांबवायला सांगितलं. "पर ही सासरला येतानाची बाजू हाय. म्हायेराला जातानाची आण."

परतताना कॅमेरा मागच्या डाव्या काचेला लावला, ती बसते त्या उंचीवर. वाटेत उतरून सांधा पुन्हा आवळला. घरी येऊन पाहिलं तर बराच वेळ नुसत्या कंपाउंडच्या भिंती आणि ऊस. काही न कापता तसंच पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. सगळं बघितलं म्हणाली. मायणीजवळच्या एका घराला नवा रंग दिलाय, तो काही तिला आवडला नव्हता.