मास्तरांनी सांगितलेली पिक्चरं

आमच्या कापडाच्या दुकानात तागा संपला की हात-दीड हाताचा तुकडा उरतो. तो विकला जात नाही आणि टाकवतही नाही. सिनेमाच्या गप्पांचं तसंच आहे. पिक्चर कोणतं होतं, त्यात कोण होतं, हे मी केव्हाच विसरलो. पण बाहेर पडल्यावर कोण काय म्हणालं ते तुकडे अजून माझ्याकडे पडून आहेत. चार माणसं जमली की एकेक निघतो.

पोलीस ॲक्शननंतरची ती दोन-चार वर्षं. दिवाळी झाली की हुमनाबादला टुरिंग टॉकीजचा तंबू पडायचा आणि दुबलगुंडीहून आमची बैलगाडी दुपारीच निघायची. गाडीतली माणसं ठरलेली. मी, शेजारचे शेतकरी भीमशामामा, शाळेचे विरुपाक्षप्पा मास्तर आणि मागे आमची अव्वा, म्हणजे माझी आई.

त्यातल्या एका वर्षी अव्वाजवळ माझी धाकटी बहीण काशीही असायची. तिला खजुरीला दिली होती. दसऱ्याला ती माहेरी आली ती दंडावर डागल्याची खूण घेऊन, आणि परत जायचं नाव काढेना. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, खजुरीला निरोप धाडला होता, येळवस झाली की पाठवतो. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळा अमावास्या, सगळं गाव शेतात जेवायला जातं तो दिवस. तोवर पोरीचा जीव रमावा म्हणून अव्वा तिला तंबूत आणायची. काशी कुणाशी फार बोलायची नाही, पण पिक्चर डोळे मोठे करून बघायची.

*

पहिला मान भीमशामामांचा. देवाचं पिक्चर लागलं होतं. आत देव दिसणार म्हणून मामांनी नवी कोरी पायताणं तंबूबाहेर काढली आणि अनवाणी आत गेले. पडद्यावर देव प्रकटला तेव्हा मामा हात जोडून उभे राहिले. मागचे ओरडले, तरी बसले नाहीत.

बाहेर आले तर पायताणं नाहीत. गावात परतल्यावर पारावर सगळ्यांनी विचारलं, "कसं हाय पिच्चर?"

मामा म्हणाले, "देव चांगलाय. भक्त चोर हैत."

*

पुढच्या पिक्चरमध्ये हीरो शेतकरी होता. नांगर धरून गाणं म्हणत होता. सगळा तंबू डोलत होता, मामा मात्र मान हलवत होते.

"मामा, काय झालं?"

"फाळ जमिनीला लागंना झालाय. आनि त्यो डावा बैल बघ, कधी जूच घेतलं न्हाई त्यानं. ह्यो कसला कुणबी?"

मामांचं हे मत दुसऱ्या दिवशी गावभर झालं आणि दुबलगुंडीतून पुढचे चार दिवस एकही गाडी तंबूकडे गेली नाही. शेवटी टॉकीजचा मालक स्वतः टांगा करून मामांकडे आला. म्हणाला, "अहो, बैल काय बघता? पिक्चरमधली बाई बघा, काय देखणी आहे!"

मामा शांतपणे म्हणाले, "बाई बघाया घरातून सोडत न्हाईत. बैल बघाया सोडतात."

*

आता मास्तरांबद्दल सांगायला हवं. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. निजाम गेला, शाळेतली उर्दू गेली, आणि त्यांची विद्या पेटीत घडी घालून ठेवलेल्या शेरवानीसारखी पडून राहिली. तंबूत मात्र तिला पुन्हा ऊन लागलं.

तंबूत मशीन एकच. एक रीळ संपलं की दिवे लागायचे आणि दुसरं चढेपर्यंत सगळे नुसते बसून. आम्हा बाजारात फिरणाऱ्या गड्यांना दखनी, म्हणजे इकडची बोली उर्दू, कळायची, त्यामुळे पडद्यावरचं हिंदी-उर्दू बोलणं अडखळत का होईना, समजायचं. तंबूत मधोमध बांधलेल्या कनातीपलीकडे बसणाऱ्या बायकांना मराठी आणि कानडी सोडून काही येत नसे. म्हणून दिवे लागले की मास्तर कनातीच्या टोकाशी उभे राहायचे आणि झालेल्या रिळातलं बोलणं आधी मराठीत, मग कानडीत सांगायचे. हा रिवाजच पडला होता. मास्तर आले नाहीत तर बायका आत बसायच्या नाहीत.

एकदा खलनायक लांबलचक काहीतरी तावातावानं बोलला. दिवे लागले. मास्तर उठले, म्हणाले, "हा वाईट बोलला," आणि खाली बसले.

कनातीपलीकडून एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, येवढंच? काय बोलायलाय ते नीट सांगा की."

"अक्का, शिव्या तुमाला येतात. त्याला माझी काय गरज?"

*

एकदा परतताना गाडीत भांडण जुंपलं. पिक्चरमध्ये दोन सवती होत्या. अव्वा म्हणत होती, धाकटी किती गुणाची. भीमशामामा म्हणत होते, धाकटीसारखी लबाड बाई उभ्या तालुक्यात नसेल. एकच पिक्चर, एकच तंबू, आणि मतं अशी!

चौकशी केली तेव्हा कळलं, मास्तरांनी धाकटीच्या तोंडचे निम्मे टोमणे सांगितलेच नव्हते. उलट दोन चांगली वाक्यं पदरची घातली होती. मी रागावलो. म्हटलं, "मास्तर, हे खोटं झालं."

आमच्या गावात तेव्हा एका घरात खरोखरच दोघी सवती नांदत होत्या, आणि दोघीही त्या दिवशी कनातीपलीकडे बसल्या होत्या. मास्तर म्हणाले, "पडद्यावरची बाई उद्या दुसऱ्या गावाला जायलीय. आपल्या बायका हितंच ऱ्हानार हैत."

मला ते पटलं नाही. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो आणि मला फारसं काही पटत नसे.

*

येळवशीला आठवडा उरला होता. एक घरगुती पिक्चर आलं. मी ते आधीच एकदा बघून आलो होतो. सासरी छळ सोसणारी मुलगी माहेरी येते, बाप तिला समजावून परत पाठवतो आणि शेवटच्या रिळात सासरी सगळं गोड होतं. गावातले गडी म्हणाले, बायकांनी बघावं असं पिक्चर आहे. एक-दोघी बायका म्हणाल्या, बघितलं, पुन्हा बघणार नाही.

मी अप्पांना सांगितलं, "हे काशीला दाखवा. तुम्ही पन चला." मी तिला परत पाठवायच्या बाजूचा होतो. दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, बहीण अजून इथंच का, आणि मला लाज वाटायची. आज त्या लाजेचीच लाज वाटते.

अप्पा आयुष्यात पहिल्यांदा तंबूत आले. शेवटून दुसरं रीळ सुरू झालं. मुलगी बापाच्या पायाशी रडत होती आणि बाप सांगत होता की दिलेल्या घरीच तुझं जगणं आणि तिथंच मरणं. आम्हा सगळ्या गड्यांना ते समजलं. दिवे लागले.

मास्तर उठले. कनातीच्या टोकाशी गेले. मग म्हणाले, "बाप म्हनतो, पोरी, माझं चुकलं. मी बघून दिलं न्हाई. आता कुटं जाऊ नगंस, हे घर तुझंच हाय." आणि तेच कानडीत सांगितलं.

'मास्तर, असं न्हाई' हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात कनातीपलीकडून अव्वाचा आवाज आला, "कामून रडायलीस गं?"

काशी म्हणाली, "त्यो बाप लई चांगलाय, अव्वा."

अप्पा उठले. मला म्हणाले, "बैल जुंप."

"अप्पा, आजून एक रीळ हाय."

"आसू दे."

*

येळवस झाली. तिसऱ्या दिवशी खजुरीहून काशीचा दीर गाडी घेऊन तिला न्यायला आला. अप्पांनी त्याला पाय धुवायला पाणी दिलं, पाटावर बसवलं. भाकरी आणि भज्जी, म्हणजे डाळी-पालेभाज्यांची मिसळ भाजी, वाढली. अप्पा समोर बसून स्वतः वाढत होते. काशी आत चुलीपाशी होती.

दीर इकडचं-तिकडचं बोलत होता. म्हणाला, "हुमनाबादला ते पिच्चर आलतं म्हनं, माहेरी आलेल्या पोरीचं. आमच्याकडच्या लोकांनी लई नावाजलंय. बघितलं का तुमी?"

"बघितलं," अप्पा म्हणाले. "शेवटचं रीळ सोडून."

"आवं, शेवटच तर बघन्यासारखा हाय!"

अप्पांनी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

"त्यो शेवट आमच्या पोरीला नगं. जेवा तुमी."